वीस लाखांत फोक्सवॅगनची नवी व्हर्टस जीटी की पाच-सहा लाखांत फियाटची जुनी अबार्थ पुंटो? चालवायची मजा कशात?

घाटमाथा:
थेट मुद्द्यावर येतो. धाकट्या भावाला गाडी घ्यायचीये, बजेट वीस लाख ऑन-रोड, मॅन्युअलच हवी आणि चालवायला मजा आली पाहिजे एवढीच अट. सगळे म्हणतायत व्हर्टस जीटी घे. माझं म्हणणं, नीट ठेवलेली अबार्थ पुंटो शोध, पाच-सहा लाखांत मिळेल, लाख-दीड लाख तिच्यावर लाव आणि उरलेले पैसे बँकेत राहू देत. अबार्थ २०१५ ला आली तेव्हा ९.९५ लाख एक्स-शोरूम होती, आपल्या रांजणगावलाच बनायची, १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क. व्हर्टसचं १.५ लिटरचं टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन १५० चं. म्हणजे जवळपास तिप्पट पैसे मोजून पाच हॉर्सपॉवर जास्त! आणि स्टेअरिंगचं काय? अबार्थचं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं आहे, ताम्हिणीत दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना पुढच्या टायरखाली बारीक खडी आलीये की रस्ता ओला आहे हे तळहातालाच कळतं. व्हर्टसचं इलेक्ट्रिक, पार्किंगला हलकं, पण वेगात हाताला काही कळतच नाही.

मृणाल:
दादा, पॉवर तेवढी मोजलीत, बाकीचं सोडून दिलंत. टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, अबार्थचा २१२ न्यूटन-मीटर, व्हर्टसचा २५०. व्हर्टसला सहावा गिअर आहे. ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा आहे, अबार्थला ते नाहीच, एअरबॅग पण दोनच. ताम्हिणीचंच उदाहरण घ्यायचं तर जुलैतली ताम्हिणी घ्या ना, धुकं, रस्त्यावरून वाहणारं पाणी आणि वळण संपता संपता धबधबा बघायला मध्येच थांबलेल्या गाड्या. तिथे अचानक ब्रेक मारून स्टेअरिंग फिरवावं लागलं तर तळहाताला कळून काय करणार? व्हर्टसला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये ५ स्टार आहेत. मी पुणे-कोल्हापूर सारखी करते, मागे मुलगी असते. मजा मलाही हवी होती, म्हणून तर २०२३ ला मॅन्युअल आल्यावर जीटी घेतली, आणि खंबाटकी चढताना तिसऱ्यात दाबली की अजूनही हसू येतं.

कऱ्हाडचा_पप्या:
ताई सेफ्टीचं पटलं, पण पैशाचं बोला की. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, वर इन्शुरन्स, वर लोनचं व्याज. गाडी शोरूमबाहेर काढायच्या आधीच दोन-अडीच लाख गेले की, ते परत येत नाहीत. अबार्थची घसरण पहिल्या मालकाने सोसलीये. अजून दोन-तीन वर्षं मनसोक्त चालवून विकली तरी फार तोटा नाही.

नाना_गॅरेजवाले:
पप्या, खरेदी झाली स्वस्त, पुढचं कोण बघणार? धुराचे बीएस-६ नियम आले एप्रिल २०२० ला, तोवर फियाटने इथला बाजार गुंडाळला होता. फिल्टर, ब्रेक पॅड असला रोजचा माल मिळतो, पण अबार्थचा स्वतःचा बंपर किंवा हेडलाइट गेला की शोधत बसा. दुसरं म्हणजे पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, २०१५ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, रबरी पाइप आणि सील यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. २०२३ नंतरच्या गाड्या त्या हिशोबाने बनल्यात. आणि २०३० ला आरसीची १५ वर्षं भरणार, परत पासिंग, पर्यावरण कर.
तरी घ्यायचीच असेल तर सकाळी लवकर बघायला जा, मालकाला आदल्या दिवशीच सांग की गाडी चालू करून ठेवू नको. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गार पाहिजे. मग स्टार्ट करून सायलेन्सरकडे बघ, निळा धूर दिसला तर चहासुद्धा न घेता परत ये. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल माग, तोंडी सांगितलेलं धरू नको. रिमॅप केलेली, म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली असेल तर क्लच आणि टर्बो आधीच पिळलेत समज.

श्रीरंग_श्टुटगार्ट:
माझ्या मते जुनी-नवी हा वाद चुकीच्या जागी चाललाय. इथे जर्मनीत मी माझदा एमएक्स-५ ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स गाडी चालवतो, आत्ताचंच मॉडेल. टर्बो नाही, स्टेअरिंग इलेक्ट्रिकच, पण वजन जेमतेम हजार-अकराशे किलो आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह. ८० च्या स्पीडला जी मजा येते ती इथल्या दोनशे-अडीचशे हॉर्सपॉवरच्या जड गाड्यांत येत नाही. नवी गाडी हाताला काही सांगत नाही हे सरसकट खरं नाही, ती कशी ट्यून केलीये त्यावर आहे.

घाटमाथा:
श्रीरंग, शंभर टक्के मान्य, पण ती भारतात विकायलाच आणली नाही. सेकंडहँड आयात करायची म्हटलं तरी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ड्यूटी भरून जो आकडा होतो तो आमच्या बजेटच्या पार बाहेर. आम्हाला चाकणची व्हर्टस आणि रांजणगावची अबार्थ यांतूनच निवडायचंय.
नाना, पार्टचं बरोबर आहे, म्हणून तर लाख-दीड लाख बाजूला काढ म्हणतोय. पण मृणालताई, एक्सप्रेसवेवर कॅमेरे लागलेत, लिमिट १०० ची. कायद्यात राहून जी मजा घ्यायची ती ४० ते ८० मध्येच, आणि त्या स्पीडला हातात काय जाणवतं यालाच माझ्या लेखी किंमत आहे. ईएसपी मी कमी लेखत नाही, पावसाळ्यात हळू चालवू.

मृणाल:
तुम्ही हळू चालवाल हो, समोरून येणारा चालवेल का? आणि अबार्थचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ एमएम, व्हर्टसचा १७९. गावातले स्पीडब्रेकर बघितलेत ना? चार माणसं बसवून अबार्थ त्यावरून तिरकी काढावी लागते, त्याचा वैताग रोजचा.
भावाला सांगा, पसरणी घाटात दोन्ही एकाच दिवशी चालव, वाईहून पाचगणीपर्यंत आणि परत. दोन्हींचे टायर कधीचे आहेत ते आधी बघा, साइडवॉलवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, नाहीतर दोष टायरचा आणि बोल गाडीला. माझी गाडी घेऊन मी येते. फक्त कोरड्या रस्त्यावर नको, पाऊस लागल्यावर ठरवा.