मदत हवी आहे : फ्रँक रायन आणि नागपूरचे हुद्दार, १९३८ चा स्पेनमधला तुरुंग

नमस्कार मंडळी,

मी सहा वर्षांपासून आयर्लंडमध्ये, लिमरिकला राहते. माहेर नागपूरचं, महालातलं. हे का सांगतेय ते पुढे येईलच.

आमच्या शेजारी एक आजी आहेत, वय ८४. त्यांचं माहेर एल्टनकडचं, म्हणजे फ्रँक रायन यांच्या गावचं. १९७९ मध्ये रायन यांचे अवशेष ड्रेस्डेनहून आणून डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत पुरले, तेव्हा त्या वडिलांना घेऊन तिथे गेल्या होत्या. रायन यांच्या आयुष्याचा जमेल तितका माग काढून एका वहीत उतरवायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. आजी सांगतात, मी लिहून घेते.

थोडक्यात सांगते. जन्म १९०२. आयरिश भाषेचे अभ्यासक, 'अन फोब्लख्त' या प्रजासत्ताकवादी पत्राचे संपादक, कानाने अधू. डिसेंबर १९३६ मध्ये ऐंशीएक स्वयंसेवक घेऊन स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोर जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला गेले. फेब्रुवारी १९३७ मध्ये हारामाच्या लढाईत जखमी झाले, घरी येऊन बरे झाले आणि पुन्हा गेले. ऐकू कमी येणारा माणूस, एकदा गोळी लागलेली, आणि तरी पुन्हा आघाडीवर! मला इथेच थांबून विचार करावासा वाटतो. त्याच आयर्लंडमधून ओडफी नावाचे जनरल सुमारे सातशे जण घेऊन फ्रँकोच्या बाजूने गेले होते. त्यामुळे आजींच्या लहानपणी घरात स्पेनचं नाव निघालं की वडील उठून अंगणात जात.

३१ मार्च १९३८ ला कालासेइते गावाजवळ रायन फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन सैन्याच्या हाती लागले. डब्लिनचे बॉब डॉयलही त्यांच्याबरोबर पकडले गेले. या कैद्यांना बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात ठेवलं होतं. जूनमध्ये रायन यांच्यावर लष्करी खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, नंतर ती तीस वर्षांवर आली. १९४० मध्ये त्यांना जर्मनांच्या ताब्यात दिलं गेलं आणि १९४४ मध्ये ड्रेस्डेनला ते वारले. जर्मनीतल्या दिवसांवर इथे अजून कडाक्याचे वाद होतात. त्यात मी आत्ता शिरत नाही.

आता आपल्याकडचा धागा. गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार, नागपूरचे, संघाचे पहिले सरकार्यवाह. लंडनला पत्रकारिता शिकायला गेले आणि १९३७ मध्ये 'जॉन स्मिथ' हे नाव घेऊन आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये, म्हणजे फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या फौजेत, भरती झाले. तेही १९३८ च्या एप्रिलमध्ये गांदेसाच्या बाजूला पकडले गेले आणि त्याच मठात कैदेत होते. हे मी सांगितलं तेव्हा आजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे तुझ्या गावचा माणूस आमच्या फ्रँकबरोबर होता?" तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

रायन यांना खटल्यासाठी हलवेपर्यंतचे जेमतेम दोन-अडीच महिने हाताशी आहेत. तेवढ्यात या दोघांची गाठ पडली होती का? हुद्दारांनी परत आल्यावर मराठीत कुठे लिहिलं, भाषणात सांगितलं?

इंग्रजी कागदपत्रांत शोधायचं तर 'जॉन स्मिथ' नावाचे ढीगभर लोक निघतात. मराठीत हुद्दार, हुदार, बाळाजी, बाळासाहेब अशा सगळ्या रूपांनी शोधून झालं. गेल्या दिवाळीत नागपूरला आले तेव्हा एका जुन्या ग्रंथालयात दोन दिवस बसले. पान उलटलं की कडा भुग्यासारख्या मांडीवर गळत होत्या, आणि मला हवा होता तो १९३९ च्या सुरुवातीचा गठ्ठा नेमका जागेवर नव्हता.

कुणाकडे त्या वेळचे 'केसरी' किंवा नागपूरच्या 'महाराष्ट्र'चे अंक, कात्रणं, छायाप्रती आहेत का? विदर्भातल्या कुणाच्या आजोबा-पणजोबांनी हुद्दारांचं स्पेनवरचं भाषण ऐकल्याचं घरात बोललं जायचं का? एखादी ओळ असली तरी चालेल. 'एक बहिरा आयरिश अधिकारी' असा नुसता उल्लेख असला, तरी तो रायन असण्याची शक्यता आहे, म्हणून नाव नसेल तरी कळवा.

इथे प्रतिसादात लिहा किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मजकूर मोडीत असेल तरी पाठवा, माझे काका वाचून देतील. आजींना मी दर रविवारी प्रतिसाद इंग्रजीत वाचून दाखवणार आहे.