वाद्यं हाताळायचा कार्यक्रम आहे, पोरांना किती मोकळं सोडायचं?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. सांगलीत आमच्या कॉलनीच्या वाचनालयात पुढच्या रविवारी मुलांसाठी वाद्यं हाताळायचा कार्यक्रम ठेवलाय, म्हणजे नुसतं ऐकायचं नाही, हातात घेऊन वाजवून बघायचं. मी हौसेनं स्वयंसेवक म्हणून नाव दिलं आणि आता पोटात गोळा आलाय, कारण मला स्वतःला पेटीवर सारेगम सोडून काही येत नाही. दोन पेट्या, एक तबल्याची जोडी, चार-पाच बासऱ्या, एक हलगी जमलीय आणि मिरजेहून एक तंबोरा येणारे, त्याचंच जास्त टेन्शन आहे. पोरं ४० तरी येतील, ५ ते १२ वयाची. मागं एका ठिकाणी लेकीला घेऊन गेले होते तिथं एक सर पूर्ण वेळ "हात लावू नका, लांबून बघा" करत होते, घरी येताना ती म्हणाली मग बोलावलं कशाला. तसं करायचं नाहीये, पण काही मोडलं तर काय तोंड दाखवू?

डग्गेवाला:
ताई पहिलं काम, तबल्याची हातोडी स्वतःच्या पिशवीत टाका. चेष्टा नाही करत. हातोडी समोर दिसली की पोरगं तबला सोडून हातोडीच उचलतं आणि थेट शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) हाणतं, गजऱ्यावर (कडेच्या चामड्याच्या वेणीवर) हाणलं तर एकवेळ नुसता सूर बिघडेल, शाईचा टवका उडाला तर वरची अख्खी पुडीच बदलावी लागते. दुसरं, दारात पाण्याची बादली आणि कोरडा टॉवेल ठेवा, हात धुवून पूर्ण पुसूनच आत, कारण ओला नाहीतर चिप्सचा तेलकट हात चामड्याला चालत नाही. बाकी वाजवू दे की बिनधास्त. मी इस्लामपुरात क्लास घेतो, माझा अनुभव असा की लहान पोरांना डग्गा (जोडीतला मोठा, डाव्या हाताचा) आधी द्यावा, तबला नंतर. तबल्यावर बोट नीट पडलं नाही तर टक्क असा मेलेला आवाज येतो आणि पोरगं हिरमुसतं, डग्ग्यावर कसाही पंजा मारला तरी घुमतो, आणि मनगट थोडं दाबून पुढं सरकवलं की आवाज वर चढतो, ते एकदा कळलं की बाजूला व्हायचं नाव घेत नाहीत.

मिरजेचा_भोपळा:
तंबोऱ्याचं मी सांगतो, लहानपणापासून हेच बघत आलोय. उभा ठेवू नका, कुणाचा तरी धक्का लागतोच आणि खालचा भोपळा तडकला की संपलं. जाड सतरंजीवर आडवा ठेवा आणि शेजारून एक माणूस हलू देऊ नका, तो माणूस तुम्हीच. खुंट्यांना हात लावू द्यायचा नाही, ह्यात माया दाखवायची नाही, ताणलेली तार तुटून तोंडावर बसली तर डोळ्याचं काम आहे. तारा मात्र पाहिजे तेवढ्या छेडू दे. पहिली तार मधल्या बोटानं, पुढच्या तिन्ही पहिल्या बोटानं, सावकाश, ओढायचं नाही नुसतं फिरवायचं. चार तारांचंच काम, गाणं वाजवायचं नाही त्यामुळं चुकायचं काही नाही, पाच वर्षांचं पोरगंसुद्धा दोन मिनिटात शिकतं.
आणि एक करा, एकजण तारा छेडत असताना दुसऱ्याला भोपळ्याला कान लावायला सांगा. मी एका शाळेत केलं होतं, एक पोरगा कान लावून बसला तो उठेचना, मागची लाईन ओरडायला लागली, शेवटी उठून मला विचारतो काका ह्याची भाजी होते का. म्हटलं कडू असतोय बाबा, आणि भाजीचा नाही, हा पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतो मुद्दाम वाद्यासाठी पिकवलेला. मग सगळ्यांना सांगितलं की मिरजेतले हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, ते दीडशेच्या वर वर्षांपूर्वी तारेच्या वाद्यांकडं वळले. तलवारवाला तंबोरा करायला लागला म्हटल्यावर पोरं एकदम गप. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला ते आईबापांना सांगा, पोरांना तलवार पुरते.

अजिंक्यताऱ्याखाली:
साताऱ्यातनं लिहितोय. आम्ही दोनदा केलंय हे, माझं मत बासऱ्या ठेवूच नका. एकीवर दहा तोंडं, कितीही पुसा आईबाप नाक मुरडतात आणि त्यांचं चुकत पण नाही. शिवाय फुंक लागायला वेळ लागतो, पहिल्या पाच मिनिटात बहुतेकांची नुसती हवाच जाते, मग चक्कर आली म्हणतात. त्यापेक्षा प्रत्येकाला एकेक पिपाणी द्या, स्वस्त पडते आणि घरी नेता येते (आईबाप शिव्या देतील ते वेगळं).
हलगी आत नको, आवारात ठेवा. आमच्याकडं पहिल्या वर्षी सगळं एकाच हॉलमध्ये होतं, हलगी सुरू झाल्यावर बाकीच्यांनी नुसते हात हलवले. आणि उन्हात ठेवली की कातडं ताणायला वेगळं शेकायला नको.
पेटीला दोन पोरं लागतात, एक भात्यावर एक पट्ट्यांवर. आमच्यात एक पोरगी पूर्ण वेळ भाताच मारत होती, पट्टीला बोटच लावलं नाही, मी दोनदा आग्रह केला तर रडायला लागली. तेव्हापासून आग्रह बंद.

डग्गेवाला:
पिपाणी नको हो, त्या आवाजात तंबोऱ्याचं काय ऐकू येणार?

अजिंक्यताऱ्याखाली:
जाताना दारात द्यायची दादा, आत नाही.

कृष्णाकाठची:
लय उपकार झाले सगळ्यांचे. बासऱ्या रद्द, हलगी चिंचेखाली, तंबोऱ्याजवळ मी स्वतः बसते, दहा-दहाच्या बॅचा करते. हातोडी आत्ताच पर्समध्ये टाकली, नवरा विचारतोय कुणाचं डोकं फोडायचंय. फक्त एक अडचण उरली, डग्गा एकच आहे आणि तुमचं ऐकून वाटतंय तिथंच मारामारी होणार. विश्रामबागेच्या आसपास कुणाकडं रविवारी सकाळी ९ ते १ जास्तीचा डग्गा मिळेल का? न्यायला आणि परत पोचवायला मी येते, गादीसकट.