आर्क्टिक मंकीजचा 'हंबग' एवढा जड का वाटतो?

प्रश्न: आर्क्टिक मंकीज या इंग्लिश रॉक बँडचे पहिले दोन अल्बम नुसते सुसाट पळतात राव, आणि २००९ चा हंबग लावला तर गिटार जाड, सगळं संथ, काळोखी. शेफील्डचीच पोरं ना ही?

बेसवाला: पोरं तीच, पण बरंचसं रेकॉर्डिंग कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, जोशुआ ट्रीला, आणि प्रोड्युसर क्वीन्स ऑफ द स्टोन एज या जड आवाजाच्या अमेरिकन रॉक बँडचा जॉश होमी, मग दुसरं काय होणार? त्यातलं कॉर्नरस्टोन हे गाणं मात्र दुसरा प्रोड्युसर जेम्स फोर्डने केलंय, म्हणून ते हलकं वाटतं.

रात्रपाळी: तेव्हा जुन्या फॅन्सनी नाकं मुरडलेली, तरी ब्रिटनमध्ये नंबर एकला गेलाच की

बेसवाला: २०१३ चा त्यांचा एएम अल्बम ऐका, ते जाड रिफ (गिटारच्या परत परत येणाऱ्या छोट्या धून) इथूनच आलेत, होमी तिथेही मागे गातोय. मला विचाराल तर हंबगच भारी, एएम जरा जास्तच गुळगुळीत