लॉक भरताना जहाज मागे-पुढे का ओढतं?

प्रश्न: लॉक म्हणजे जहाजाला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारा, दोन्ही टोकांना दारं असलेला पाण्याचा हौद. त्यात ऱ्हाईन नदीवरच्या मापाचं जहाज, ११० बाय ११.४ मीटर, भारासह ३००० टन. पाणी वरच्या दारातल्या झडपांतून येतं. झडपा उघडताच जहाज काठाला बांधलेले दोर ताणतात, मिनिटभरात ओढ उलटी फिरते. दोर जाड घ्यावेत का?

उत्तर १: दोर नंतर, आधी झडपांचा वेग बघा. झडप झटकन उघडली की लाट उठते. ४ मीटर खोलीत ती सेकंदाला सुमारे ६.३ मीटर धावते, खालच्या दारावर आपटून परतते. म्हणून ओढ उलटते. जोर काढणं सोपं: वजन गुणिले पाण्याचा उतार. जहाजाच्या दोन टोकांत ११ सेंमी फरक म्हणजे हजारात एक उतार, म्हणजे ३ टन, साधारण ३० किलोन्यूटन. सुरुवातीला झडप संथ उघडा. एकूण वेळ फारसा वाढत नाही.

उत्तर २: ढिला दोर सर्वांत वाईट. जहाज आधी वेग घेतं, मग झटका बसतो. तो झटका उत्तर १ च्या हिशेबात धरलेलाच नाही! लॉक भरताना दोर आत ओढून घेत राहा. रिकामं होताना सोडत राहा, खुंट्याला गाठ मारू नका, नाहीतर जहाज दोरावर लटकेल. तरंगता खुंटा, म्हणजे भिंतीतल्या खाचेत पाण्याबरोबर वर-खाली होणारा, असेल तर हे काम वाचतं, पण तो खाचेत अडकत नाही ना, यावर नजर हवी.

उत्तर ३: समुद्राकडचं लॉक असेल तर पातळी जुळली म्हणून लगेच दोर सोडू नका. दार उघडल्यावर खारं पाणी तळाने आत शिरतं, गोडं वरून बाहेर पडतं आणि जहाज पुन्हा ओढलं जातं.