विल्यम्सबर्गचा तो मैलभर रस्ता : तुमच्या आठवणी सांगा

दवबिंदू

काल माळा आवरताना बाबांची जुनी कापडी पिशवी हाती लागली. आत चष्म्याची डबी, पेन्शनचे कागद आणि रुमालात गुंडाळलेला एक खिळा. बोटभर लांब, चौकोनी अंगाचा, डोक्यावर हातोडीचे चार-पाच घाव बसून फुलासारखा झालेला. बघताक्षणी ओळखला. जुलै २०१४, अमेरिकेत व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग, अठराव्या शतकासारखं जपलेलं गाव, तिथला ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट. माळा तसाच राहिला, मी शिडीच्या पायरीवर बसून राहिले.

आम्ही तेव्हा रिचमंडला होतो, गाडीनं तासाभरावर. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांना काहीही दाखवा, "छान आहे" म्हणायचे आणि बाक शोधायचे. त्या रस्त्यावर मात्र ऐरणीवरचे ठोके ऐकू आले आणि ते आम्हाला मागे टाकून सरळ आवाजाच्या दिशेनं निघाले. माझे आजोबा गावचे लोहार. बाबांनी पुढे चौतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवलं.

ती अँडरसनची लोहारशाळा. स्वातंत्र्ययुद्धात व्हर्जिनियाच्या फौजेच्या बंदुका इथे दुरुस्त व्हायच्या. आता काम करणारे लोक कपडे त्या काळचे घालतात, पण ते खरोखरचे लोहार आहेत. त्यांनी घडवलेल्या बिजागऱ्या, खिळे, हत्यारं गावातल्याच बाकीच्या कामांना जातात. बाबा दीड तास उभे होते. आधी भात्यापाशी अडले. आजोबांचा भाता दाबला की फुंकर, सोडला की बंद. इथला दुमजली, वरच्या कप्प्यात हवा साठते, त्यामुळे वारा तुटत नाही. बाबा हळूच म्हणाले, "असा असता तर आईचे हात राहिले असते." भाता आजी ओढायची.

मग पोलादाला पाणी द्यायचा विषय निघाला. बाबांचं इंग्रजी बेताचं. पाणी दिल्यावर परत शेकताना रंग चढतो, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. छिन्नीला जांभळ्यावर थांबायचं, स्प्रिंगला निळ्यावर. शब्द आठवेनात तेव्हा त्यांनी आईच्या साडीचा जांभळा काठ धरून दाखवला. लोहार मान डोलवत होता. आई लाजून लाल.

हे गाव १६९९ ते १७८० व्हर्जिनियाची राजधानी होतं. राजधानी रिचमंडला गेली आणि गाव झोपलं. तिथल्या ब्रूटन पॅरिश चर्चचे पाद्री गुडविन यांनी जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांना गळ घातली, १९२६ पासून एकेक घर पूर्ववत करायला घेतलं. अस्सल जुन्या इमारती ८८ उरल्या होत्या. गेलेल्या कितीतरी पाया खणून, जुने आराखडे शोधून परत उभ्या केल्या. हे मी बाबांना रस्ताभर वाचून दाखवत होते. त्यांच्या कानात अजून ठोकेच होते.

बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. तुम्ही कोणी गेला असाल तर लिहा ना. तसल्याच दुसऱ्या रस्त्यावर गेला असाल तरी चालेल.

फिरस्ता

दवबिंदू, फार आतून लिहिलंयस गं. साडीच्या काठाला तर थांबलोच.

मी विल्यम अँड मेरीला दोन वर्षं शिकलो. रस्त्याच्या पश्चिम टोकाला आमचं कॉलेज (सनद १६९३ ची), पूर्व टोकाला कॅपिटॉल (त्या काळचं विधानभवन). आम्ही सगळे त्याला डॉग स्ट्रीट म्हणतो, नावाची आद्याक्षरं. पहाटे धावायला जायचो. धुकं, लेस्टर जातीच्या लांब लोकरीच्या मेंढ्या कुंपणाशी, घोड्यांच्या लिदीचा वास, आणि माणूस एक नाही. घराची आठवण आली की मी तिकडेच जायचो. लिदीचा वास सांगलीच्या टांगा स्टँडचा होता.

आंबटगोड

शेंगदाण्याचं सूप!!! कुणीच कसं नाही लिहिलं? किंग्ज आर्म्स टॅव्हर्नमध्ये मेणबत्तीच्या उजेडात समोर आलं, पहिला घोट घेतला आणि साबा (सासूबाई) म्हणाल्या, "अगं ही तर आपली दाण्याची आमटी, मिरची विसरलेत." शाकाहारी असाल तर आधी विचारा हं, त्यात कोंबडीचा स्टॉक असतो. आम्ही विचारलं नव्हतं, घोट घेतल्यावर कळलं. साबांनी शांतपणे वाटी माझ्या नवऱ्याकडे सरकवली आणि पाव खाल्ला. घरी आल्यावर रात्री साडेदहाला त्यांनी खरी आमटी केली, सगळ्यांना उठवून वाढली.

चिंगी

@आंबटगोड कृती दे ना, उद्या संकष्टी आहे. चंद्रोदय उशिरा आहे आणि साबुदाणा भिजवायला विसरलेय.

आंबटगोड

भाजलेले दाणे वाटीभर, हिरव्या मिरच्या, जिरं, पाणी घालून अगदी गंध वाटायचं. तुपात जिऱ्याची फोडणी, त्यात हे, पातळ कर, आमसूल दोन, गूळ, मीठ. उकळताना ढवळत राहा, उतू जातं. वरीच्या तांदळाबरोबर.

जुनापुराणा

इतिहासाचं वेड असल्यानं राहवत नाही. विल्यम्सबर्गहून वीसेक किलोमीटरवर यॉर्कटाउन. १९ ऑक्टोबर १७८१ ला तिथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेनं शस्त्रं ठेवली. वेढ्याआधी वॉशिंग्टनचा मुक्काम विल्यम्सबर्गला, जॉर्ज विथच्या विटांच्या घरात होता. मी त्या घराच्या जिन्यावर उभा राहिलो आणि डोक्यात पुणे सुरू झालं. हाच कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला. १७९१-९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात त्याच्या बाजूनं हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा होत्या. १८०५ ला तो गाझीपूरला गेला, कबर तिथेच आहे.

आणखी एक. १५ मे १७७६ ला याच रस्त्याच्या टोकाला कॅपिटॉलमध्ये व्हर्जिनियानं स्वातंत्र्याचा ठराव केला. त्याच वर्षी १ मार्चला आपल्याकडे पुरंदरचा तह झाला होता. एकाच वेळी नाना फडणीस तिकडे आणि हे लोक इकडे, समोर इंग्रजच. शाळेत ही दोन पानं वेगवेगळ्या इयत्तेत आली, म्हणून कधी शेजारी ठेवून बघितलीच नव्हती. तिथल्या मार्गदर्शकाला मी वडगावची लढाई सांगितली, १७७९. त्यांनी वहीत लिहून घेतलं, नाव कसं लिहायचं तेही विचारलं.

सुगरणचिमणी

घाईत लिहितेय, कुकरची एक शिट्टी झालीय. आमच्या लेकाला तिथल्या वीटभट्टीवर चिखल तुडवायला दिला होता! उन्हाळ्यात मुलांना अनवाणी उतरवतात. तो चिखल साच्यात जातो, वाळतो, वर्षाअखेरीस भट्टी लागते आणि त्याच विटा गावातल्या बांधकामाला. माझे सासरे भोरकडचे, भातलावणीत वाढलेले. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून तेही उतरले. नातवाला सांगत होते, टाच आधी रोव, मग फिरव. माझ्याकडे तो व्हिडिओ आहे, महिन्यातून एकदा तरी बघते. दुसरी शिट्टी. येते.

निळीशाई

मला त्या रस्त्यावर रडू आलं होतं, तेही लिहिते.

सुंदर बागा, सफेद कुंपणं, बासरी-ढोल वाजवत जाणारी मुलं. लेक नऊ वर्षांची. एका घरामागच्या स्वयंपाकघरात एक कृष्णवर्णीय बाई त्या काळची गुलाम स्वयंपाकीण कशी जगली ते सांगत होत्या. झोपायला वरचा माळा, मालकाची घंटा वाजली की रात्रीही उठायचं. क्रांतीच्या वेळी या गावातले निम्म्याहून थोडे जास्त लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यातले जवळजवळ सगळे गुलाम. लेकीनं विचारलं, "मग स्वातंत्र्य कुणाला मिळालं?" त्या बाई खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या आणि म्हणाल्या, हाच प्रश्न विचारत राहा.

मागच्या वर्षी परत गेलो ते ब्रे स्कूल बघायला. १७६० ते १७७४ कृष्णवर्णीय मुलांची शाळा, बहुतेक मुलं गुलामच. धर्म शिकवायचा, आज्ञाधारक बनवायचं, हा शाळेचा हेतू. पण मुलं वाचायला शिकली. इमारत कॉलेजच्या एका जुन्या घराच्या पोटात दडलेली होती, लाकडांचं वय तपासून ओळखली आणि २०२३ ला अख्खी उचलून या भागात आणली. नॅसॉ स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांच्या पहिल्या बाप्टिस्ट चर्चचा पाया गाडीतळाच्या डांबराखाली होता, तो खणून काढला, बाजूला थडगीही सापडली. ज्यांचे पूर्वज तिथे पुरलेत त्यांनीच पुढे काय करायचं ते ठरवलं, हे मला फार योग्य वाटतं. माझी आजी वाड्याच्या मागल्या दारानं आत जायची. त्यामुळे मी कुठेही मोठं घर बघितलं की आधी मागचं दार शोधते.

फिरस्ता

@निळीशाई तुमचं वाचून दोनदा लिहिलं आणि पुसलं. लेकीला माझा नमस्कार सांगा.

तांबडमाती

मी अमेरिकेत गेलेले नाही, पण "तसल्याच दुसऱ्या रस्त्यावर चालेल" असं आहे म्हणून पणजी. फोंतेन्हासचा ३१ जानेवारी रस्ता. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, पावसाळ्यानंतर रंगाचा हात. आम्ही लहानपणी मे महिन्यात मावशीकडे जायचो. सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधल्या येशूचे डोळे उघडे आहेत, तो क्रूस जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातला. मावशी म्हणायची, "तो बघता हां, खोटें उलोवं नाका." मी त्या गल्लीत कधीच खोटं बोलले नाही, आईसफ्रूटबद्दलसुद्धा. आता फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी असते की मावशी दुपारी खिडकी लावून घेते. लोक राहतात तिथे, एवढं लक्षात ठेवा.

चिंगी

तिथे तो खोडा आहे ना, कोर्टासमोर? मान आणि हात अडकवायचा. आमच्या भिशीच्या सगळ्यांचे फोटो आहेत, एकीचा अंबाडा अडकला होता :)

रच्याकने (बाय द वे) आमटी गॅसवर आहे.

दवबिंदू

किती लिहिलंत तुम्ही. आईला सगळं वाचून दाखवलं. काठाचं ऐकून म्हणाली, ती नारायणपेठ अजून आहे, गोधडीला दिली नाहीये. आणि बाबांनी त्या रात्री रिचमंडला झोपेत "दाब, दाब" म्हटल्याचं तिनं आज सांगितलं. मला माहीतच नव्हतं.

@निळीशाई, आजीच्या भात्याचं बाबा त्याआधी कधी बोलले नव्हते. दुसऱ्याच्या गावात आपलं मागचं दार दिसतं, तसं झालं असेल.

डिसेंबरात भाच्याकडे जातेय. मुलाला दाखवायचं आहे.

फिरस्ता

डिसेंबर उत्तम. दारांवर सफरचंद, संत्री, अननस लावलेले हार असतात. रस्त्यावर नुसतं हिंडायला तिकीट नाही, इमारतींत जायचं तर लागतं. सकाळी लवकर जा. रॅले टॅव्हर्नमागच्या बेकरीतला आल्याचा केक गरम असताना खा. आलेपाकाच्या वडीचा लांबचा भाऊ.

चिंगी

आमटी झाली. गुळाचा खडा जरा मोठा पडला, पण पातेलं रिकामं.

जुनापुराणा

दवबिंदू, तो खिळा रुमालात नका ठेवू. पुण्याचा पावसाळा आहे, कापड ओल धरतं. गंजेल.

दवबिंदू

अरे हो! खोबरेल लावू?

जुनापुराणा

नको, चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल असेल ना घरात, त्याचं एक बोट पुरे.