शब्दचर्चा: मैदान ‘आरक्षित’ करतात, ‘राखीव’ ठेवतात की ‘राखतात’?

फोंडा (मूळ प्रश्न)

आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी एक लेख लिहिते आहे. वसाहतकाळात वाढत जाणाऱ्या शहरांनी खेळायला जागा कशी ठेवली, असा विषय आहे. माहिती जमली, पण एका क्रियापदावर चार दिवस अडून बसले आहे.

ऑस्ट्रेलियातले अ‍ॅडलेड कर्नल विल्यम लाइटने १८३७ साली आखले. जमीन काउर्ना लोकांची होती, तिथे वसाहतवाल्यांनी चौकोनी रस्त्यांचे शहर कागदावर मांडले आणि त्याच कागदावर शहराभोवती मोकळ्या जमिनीचा पट्टा सोडला. आजचे अ‍ॅडलेड ओव्हल, जिथले क्रिकेट आपण टीव्हीवर पाहतो, ते त्याच पट्ट्यात आहे. मुंबईत गोष्ट उलटी घडली. कोटाबाहेरची जागा मोकळी होती ती तोफांसाठी. शत्रू चालून आला तर आडोसा मिळू नये म्हणून तिथे घर बांधू देत नसत. १८६०च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या, तोफांचे काम संपले आणि जागा मागे राहिली. आजचे ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान हे तिचेच तुकडे.

मी दोन्हीकडे ‘खेळासाठी जागा आरक्षित करण्यात आली’ असे लिहिले होते. मोठ्याने वाचून पाहिले तर मुंबईचे वाक्य सरळ खोटे निघाले आणि अ‍ॅडलेडचेही कानाला खटकले. तुम्ही काय लिहिले असते?

म्हापसा

ताई, मी नियोजनाच्या कागदांत आयुष्य घालवले आहे, म्हणून आधी सरकारी बाजू सांगतो. आराखड्यात शब्द ‘आरक्षण’ हाच. अमुक सर्व्हे क्रमांक खेळाच्या मैदानासाठी आरक्षित, असे लिहितात. त्याला कायद्याचा अर्थ आहे: जमीन खाजगी असली तरी मालकाला तिथे दुसरे काही करता येत नाही आणि पुढे ती सार्वजनिक कामासाठी घ्यायची असते. गोव्यात यामागे १९७४चा नगर व ग्राम नियोजन कायदा आहे. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ सालीच आला होता. म्हणजे १८३७ किंवा १८६४च्या घटनेला ‘आरक्षण’ म्हणणे हे नंतरचे माप आधीच्या कापडाला लावणे झाले. १९१५ नंतरच्या मजकुरात मात्र हा शब्द बिनधास्त वापरा.

एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या घराजवळ नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेला एक तुकडा आहे. वीसेक वर्षे त्यावर ‘मैदान’ असे लिहिलेले आहे आणि वीसेक वर्षे तिथे बांधकामाचा मलबा पडतो आहे. पोरे रस्त्यावर खेळतात. कागदोपत्री आरक्षण शाबूत आहे.

डिचोली

म्हापशाच्या काकांनी शेवटी जे सांगितले तिथेच या दोन शब्दांतला फरक आहे असे मला वाटते.

‘राखणे’ हे आपले जुने, शेतातले क्रियापद. शेत राखतात, आंबे राखतात, गुरे राखतात. राखायला माणूस लागतो. तो माचावर बसतो, पाखरे हाकलतो, रात्री जागतो. आपल्या गावांना राखणदार देव आहे, आणि त्याला वर्षातून एकदा मान द्यायचा तो त्याने बारा महिने जागे राहायचे म्हणून. ‘कोण राखतो?’ हा प्रश्न या क्रियापदातून काढताच येत नाही. ‘आरक्षित करणे’ एकदा घडते आणि संपते. सही झाली, राजपत्रात छापले, काम झाले.

जागा मोकळी ठेवण्याची कल्पना आपल्याला साहेबाने शिकवली असेही समजू नका. मराठीत ‘कुरण’ हा शब्द आहे. आज आपण तो नुसत्या चराऊ जमिनीला लावतो (आणि वर्तमानपत्रांत भ्रष्टाचाराच्या), पण कुरण म्हणजे गवतासाठी मुद्दाम राखलेले रान. कुरण ‘राखतात’ असेच म्हणायचे. देवराईही तशीच, कुऱ्हाड लावायची नाही म्हणून सोडलेली. इंग्रजी अमलात जंगलांचे वर्ग पडले तेव्हा त्यांच्या शब्दाला ‘राखीव जंगल’ हे मराठी सहज बसले, ते ही जुनी सवय जिभेवर होती म्हणूनच.

आणखी एक घोटाळा. आजच्या बातमीत ‘मैदान आरक्षित’ वाचले की मला वाटते उद्या तिथे कुणाची तरी सभा आहे. आरक्षण म्हणजे बसची सीट, हॉलची तारीख, नोकरीतली जागा. तुमचा वाचक आधी तिकडे जाईल. अ‍ॅडलेडसाठी ‘राखून ठेवली’ लिहा. मुंबईसाठी ‘मोकळी ठेवली होती, ती मोकळी राहिली’. राहणे आणि राखणे यांत एकाच अक्षराचा फरक आहे, पण तुमचा अख्खा लेख त्या अक्षरात आहे, ताई.

पणजी

आमच्या शहराबद्दल लिहिताना ‘कांपाल’ या नावाकडे दुर्लक्ष करू नका. आज ते एका भागाचे नाव झाले आहे, पण त्याच्या पोटात मैदानच आहे. व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकिर्दीत, १८२६ ते १८३५, पणजीतल्या दलदली बुजवल्या, सरळ रस्ते काढले. मांडवीकाठच्या या मोकळ्या भागाला त्याचे नाव मिळाले, दों मानुएलचे ‘कांपु’. त्यानंतर १८४३ साली राजाज्ञेने पणजी ‘नोव्हा गोवा’ या नावाने अधिकृत राजधानी झाली. म्हणजे आमच्याकडे जागा तोफांसाठी मोकळी ठेवलेली नव्हती, चिखलातून वर काढलेली होती. तुमच्या लेखात हा तिसरा प्रकार हवा.

पोर्तुगीज ‘कांपु’ आणि इंग्रजी ‘कॅम्प’ दोन्ही लॅटिन ‘कांपुस’वरून आले. कांपुस म्हणजे सपाट मोकळे रान. इंग्रजीत त्याची छावणी झाली आणि बेळगावात, पुण्यात तोच शब्द लष्करी वस्तीचे नाव होऊन बसला. आमच्याकडे पोर्तुगिजांमार्फत तो रानाच्या जवळ राहिला. बेळगावच्या कॅम्पात राहणारी माझी मावशी आणि कांपालला राहणारा मी एकाच शब्दात राहतो, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या पणजीतही एक आझाद मैदान आहे, त्याबाबत जपून लिहा. पोर्तुगीज काळात ते मैदान नव्हते, गोवा जिंकणाऱ्या आफोंसु द आल्बुकेर्कच्या नावाचा चौक होता. मधला खांबांचा मंडप १८४७चा, त्याच्या पुतळ्यासाठी बांधलेला. मुक्तीनंतर त्याच मंडपात स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक झाले. ‘मैदान’ हा शब्दच तिथे स्वातंत्र्याबरोबर आला. म्हणून ‘पोर्तुगिजांनी आझाद मैदान राखले’ असे वाक्य चुकूनही नको.

मडगाव

‘मैदान’ आणि ‘क्रीडांगण’ एकच समजून लिहू नका, एवढेच सांगायचे आहे. मैदानावर सभा होते, सर्कस उतरते, संध्याकाळी म्हातारी माणसे बसतात आणि पोरे खेळतात. फारसीतून आलेला हा शब्द मुळात कशालाच बांधलेला नाही. कोल्हापूरकडे तर कुस्त्यांच्या जंगी कार्यक्रमालाच मैदान म्हणतात, ‘यंदा मैदान झाले नाही’. क्रीडांगण हा घडवलेला शब्द, त्याला कुंपण आणि फाटक असते. फातोर्ड्याला १९८९ साली झाले ते तर स्टेडियम, तिथे तिकीट काढून बसायचे.

आणि आपल्या गावांत? १८८३ साली शिवोलीत फादर विल्यम लायन्स यांनी फुटबॉल आणला असे सांगतात. तो गोवाभर पसरला तेव्हा कोणाच्या आराखड्यात मैदान होते? भात कापून झाले की शेत कोरडे पडायचे, त्यात दोन बांबू इकडे, दोन तिकडे. पाऊस आला की परत पेरणी. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खेळणाऱ्यांचे गुडघे जांभ्या दगडाने सोललेले. खेळाची जागा ऋतूने दिली आणि ऋतूने परत घेतली. याला ना आरक्षित म्हणता येईल ना राखीव. मुले आजही घरात सांगून जातात ती ‘ग्राउंडवर जातो’ असेच, हेही लेखात येऊ द्या.

फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. मडगावकर, भाताच्या शेताचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, आणि मी ज्या गावात वाढले तिथे दुसरे मैदानच नव्हते! तो परिच्छेद नव्याने लिहिते.

आता ‘जिमखाना’. मुंबईच्या भागात तो टाळता येत नाही. बॉम्बे जिमखाना १८७५चा, फक्त युरोपियनांचा. त्याचे सभासद पोलो खेळायला मोकळ्या मैदानावर येत, तिथेच पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडायची. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने हे सगळे भांडण १८९७च्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. पुढे समुद्राच्या बाजूला, भराव घातलेल्या जमिनीवर पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना एकमेकांशेजारी जागा मिळाल्या. जमातवार.

मग तिथे ‘सार्वजनिक मैदान’ लिहू का? जागा सरकारची, पण खेळणार सभासद.

डिचोली

नाही, ताई. ‘जिमखान्याला दिलेली जागा’ लिहा. इथे ‘राखीव’ शब्द दुसऱ्या अर्थाने खरा ठरतो, कोणासाठी तरी राखीव म्हणजे बाकीच्यांना बंद. ‘राखणे’चा हा दुसरा चेहरा मी मघाशी सांगायला हवा होता. कुरणही पुष्कळदा सरकारच्या घोड्यांसाठीच राखलेले असायचे, गावच्या गाईसाठी नव्हे. तेव्हा प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारा, कोणी राखले आणि कोणासाठी. पोलोचे भांडण दुसऱ्या प्रश्नाचे आहे.

म्हापसा

जिमखाना शब्दाची व्युत्पत्ती गमतीची आहे म्हणून देतो. १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाचा अंदाज असा की मूळ शब्द ‘गेंदखाना’, चेंडू खेळायची जागा, आणि त्याचे पहिले अक्षर इंग्रजी जिम्नॅस्टिक्सच्या ओढीने ‘जिम’ झाले. कोशकारांना त्याचा सर्वांत जुना वापर १८६१ सालचा, रुडकीचा सापडला. म्हणजे शब्द आपल्याच जमिनीत रुजला, साहेबाने उचलला आणि फाटकावर पाटी लावून आपल्याला परत दिला. पणजीचा जिमखाना कांपालला आहे. गेंदखाना कांपुवर जाऊन बसला.

पणजी

आणि तिथल्या क्रिकेटच्या मैदानाला भाऊसाहेब बांदोडकरांचे नाव आहे, तेही लिहा. मुक्त गोव्याचा पहिला मुख्यमंत्री क्रिकेटवेडा होता.

फोंडा

वाक्ये बदलली. वाचून सांगा:

‘अ‍ॅडलेडच्या आखणीतच शहराभोवतीची जमीन राखून ठेवली होती. मुंबईत ती तोफांसाठी मोकळी ठेवली होती, तोफा गेल्यावर मोकळीच राहिली, आणि मग ती कोणी वापरायची यावर भांडण झाले. पणजीत ती दलदलीतून काढली. १९१५च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात अशा जागा नकाशावर आरक्षित होऊ लागल्या.’

दादरच्या शिवाजी पार्कला ‘पार्क’च ठेवले आहे. १९२५ साली पालिकेने केले तेव्हा ते माहीम पार्क होते, १९२७ साली अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने नाव बदलले. नावात पार्क असले तरी मराठी माणूस तिथे खेळायलाच जातो, त्याचे भाषांतर करणे मला जमणार नाही.

शेवटची शंका. गावांच्या परिच्छेदात ‘मैदान’ऐवजी ‘मांड’ लिहिले तर? शब्द इथला आहे, जागा मोकळी आहे आणि गावानेच राखलेली आहे.

डिचोली

मोह मलाही झाला असता, पण नको. मांडावर शिगमा होतो, जागर होतो, तो देवाचा. मांडावर जाताना आम्ही पायातले काढतो. फुटबॉल खेळायला मुले शेजारच्या शेतात जात, आणि चेंडू मांडावर गेला की एक जण अनवाणी जाऊन घेऊन येई. ‘शेत’च लिहा.