आयक्यू या बँडला कसं विसरलात?

ब्रिटिश निओ-प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) बँडांवरच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, की गायक फिश गेल्यावर मॅरिलियन हा बँड संपला. हे मत मला पटत नाही. फिशच्या काळातला 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड' (१९८५) हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि तसं यश त्यांना पुन्हा मिळालं नाही, हे खरं. पण फिशनंतर आलेल्या हॉगार्थने गायलेला 'ब्रेव्ह' (१९९४) एकदा रात्री, दिवे मालवून, सलग ऐका. एकेक गाणं सुटं ऐकून तो कळत नाही.

मॅरिलियन, पेंड्रॅगन, पॅलस सगळ्यांची तुलना झाली, पण आयक्यूचं नाव कुणीच घेतलं नाही, याचं खरंच वाईट वाटलं. 'द वेक' (१९८५) नंतर गायक पीटर निकोल्स बाहेर पडला. पुढचे दोन अल्बम पॉल मेनेलने गायले आणि बँड सोप्या, सुटसुटीत गाण्यांकडे वळला. मग निकोल्स परतला आणि १९९३ साली 'एव्हर' आला. गायक गेला, परत आला आणि बँडने त्यानंतर आपलं सर्वात भरीव काम केलं! 'एव्हर'मध्ये माइक होम्सची गिटार आणि मार्टिन ऑरफर्डचे कीबोर्ड एकमेकांना जी जागा देतात, ती मला मॅरिलियनमध्येही क्वचितच सापडली. माझ्यासाठी या प्रकारातला पहिल्या क्रमांकाचा अल्बम तोच. 'सबटेरेनिया' (१९९७) त्यानंतर ऐका. दोन सीडींचा आहे, सवडीने.